तीस बाय वीस नॅनोमीटरची फट: प्रकाशाने प्रकाश अडवण्याचं एक प्रकरण

२०१९च्या नोव्हेंबरात जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या आणि टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘नेचर फोटोनिक्स’मध्ये एक स्विच मांडला. मासाआकी ओनो हे त्या निबंधाचे पहिले लेखक, मासाया नोतोमी हे गटाचे प्रमुख. स्विचची रचना कागदावर दोन रेघांत काढता येईल इतकी साधी आहे: चिपवर सोन्याच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये ३० नॅनोमीटर बाय २० नॅनोमीटर छेदाची फट, आणि फटीला लागून ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. फटीतून एक प्रकाशस्पंद येतो. त्याला पुढे जाऊ द्यायचं की तिथेच गिळायचं, हे दुसरा प्रकाशस्पंद ठरवतो. मधे विजेचा संकेत कुठेच येत नाही. एकदा स्विच पलटायला लागणारी ऊर्जा ३५ फेम्टोजूल, आणि लागणारा वेळ २६० फेम्टोसेकंद.

एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. २६० फेम्टोसेकंदांत प्रकाश निर्वातातून जेमतेम ७८ मायक्रोमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीएवढं अंतर. ज्यूलचंही तसंच. या स्विचसाठी वापरतात त्या १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ३५ फेम्टोजूल म्हणजे साधारण पावणेतीन लाख फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होतात. वाचताना हा आकडा मोठा वाटेल, पण प्रकाशाला प्रकाशाकडून वळवून घ्यायचं म्हटलं की तो फार छोटा आहे. ग्राफीनवर चालणाऱ्या आधीच्या उपकरणांपेक्षा तो दहा हजार पटींनी कमी होता, आणि काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) किंवा त्याहून जलद पलटणाऱ्या कुठल्याही सर्वप्रकाशीय, म्हणजे प्रकाशानेच चालणाऱ्या, स्विचमध्ये तोवरचा सर्वांत कमी.

बातमी झाली ती विक्रमाची. मला या प्रकरणात जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: इथे नवं द्रव्य शोधलेलं नाही. ग्राफीन १५ वर्षं जुनं होतं, सोनं तर सोनंच. बदलली ती जागा. प्रकाश कुठे आणि किती दाबायचा, हा भूमितीचा प्रश्न या गटाने सोडवला, आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत कुठे जाऊन पडते हेही त्यातून स्पष्ट दिसतं.

अडचण मुळात काय आहे

प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात. काहीही होत नाही. दूरसंचारासाठी ही देणगीच आहे: एकाच काचतंतूतून कितीतरी रंगांचे संदेश एकमेकांना धक्का न लावता जातात. पण स्विच करायचा असेल तर हाच गुण आडवा येतो. एका झोताने दुसऱ्याचं काही बिघडवायचं तर मधे द्रव्य लागतं, आणि ते द्रव्य असं लागतं की प्रखर प्रकाश पडल्यावर त्याचा वक्रीभवनांक किंवा शोषण बदलेल. यालाच अरेषीय द्रव्य म्हणतात. जॉन केर यांनी १८७५मध्ये विद्युतक्षेत्राने काचेचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात हे दाखवलं होतं. प्रकाशाचं स्वतःचं विद्युतक्षेत्र हेच काम करू शकतं, पण ते दिसायला लेसर यावा लागला. लेसर १९६०मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात क्वार्ट्‌झमधून लाल प्रकाश पाठवून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला गेला.

परिणाम खरा आहे, पण दुबळा. साध्या काचेचा वक्रीभवनांक एक सहस्रांशाने हलवायचा तर दर चौरस सेंटीमीटरला जवळपास चार लाख कोटी वॅट इतकी प्रखरता लागते. ही प्रखरता क्षणभर देता येते, पण चिपवर हजारो ठिकाणी रोज देता येत नाही.

मग उपाय तीन उरतात. एक, प्रकाशाला द्रव्यातून खूप लांब न्यायचं. काचतंतूत किलोमीटरभर चाललं की दुबळा परिणामही साठत जातो. चिपसाठी हा मार्ग बंद. दोन, प्रकाशाला छोट्या पोकळीत कोंडून तिथल्या तिथे हजारो फेऱ्या मारायला लावायच्या. तीन, प्रकाशाला इतक्या अरुंद जागेत दाबायचं की थोड्या ऊर्जेतही प्रखरता प्रचंड व्हावी. या प्रकरणाचा सगळा रस दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गातल्या निवडीत आहे.

पोकळीचा मार्ग, आणि त्याची किंमत

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाने प्रकाश अडवण्याचं गाजलेलं प्रात्यक्षिक २००४मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मिशल लिप्सन यांच्या गटाने केलं. सिलिकॉनची सूक्ष्म कडी, तिच्या शेजारून जाणारी तरंगवाहिनी, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी बारीक पट्टी. नियंत्रक स्पंदाने कडीत मुक्त इलेक्ट्रॉन तयार होतात, कडीचा सूर, म्हणजे ती ज्या तरंगलांबीला दाद देते ती, बदलतो आणि वाहिनीतला संदेश अडतो किंवा सुटतो. २५ पिकोजूलच्या स्पंदाने पारगमन, म्हणजे आरपार जाणारा प्रकाश, ९४ टक्क्यांपर्यंत बदलता आलं, ५०० पिकोसेकंदांच्या आत. वेळ इतका लागतो कारण सिलिकॉनमध्ये एकदा तयार झालेले मुक्त इलेक्ट्रॉन निघून जाईपर्यंत किंवा परत आपल्या जागी बसेपर्यंत वाट पाहावी लागते.

पोकळीचा मार्ग शेवटच्या टोकापर्यंत नेला तो नोतोमी यांच्याच गटाने. २०१०मध्ये केंगो नोझाकी आणि सहकाऱ्यांनी फोटॉनिक क्रिस्टलमधली (प्रकाशाला अडवणाऱ्या नियमित छिद्रांच्या रचनेतली) नॅनोपोकळी वापरून ०.४२ फेम्टोजूलमध्ये पलटणारा स्विच दाखवला. ऊर्जा एका फेम्टोजूलच्या खाली गेली. वेळ मात्र २० ते ३५ पिकोसेकंद.

हा वेळ योगायोगाने आलेला नाही. पोकळीत प्रकाश जितका जास्त वेळ टिकतो तितकी कमी ऊर्जा पुरते, हे खरं. पण टिकतो म्हणजे लवकर बाहेर पडत नाही. पोकळीचा गुणांक, म्हणजे प्रकाश तिथे किती टिकतो ते सांगणारा आकडा, दहा हजार असेल तर १.५५ मायक्रोमीटरचा प्रकाश तिथे सुमारे ८ पिकोसेकंद रेंगाळतो. त्यापेक्षा जलद संदेश त्या पोकळीला झेपतच नाही. त्यात द्रव्यातल्या इलेक्ट्रॉनांचा वेळ मिळवा. म्हणजे इथे ऊर्जेची बचत वेळाच्या हिशेबातून केलेली असते. ज्या प्रयोगशाळेने हे सगळ्यात नीट करून दाखवलं, तिलाच त्याची मर्यादा सगळ्यात जवळून दिसलेली असणार. पुढचा प्रयत्न त्यांनी पोकळीशिवाय केला, हे मला म्हणूनच लक्षणीय वाटतं.

धातूच्या पृष्ठभागावरचा प्रकाश

काच किंवा सिलिकॉनमध्ये प्रकाश त्याच्या त्या द्रव्यातल्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान जागेत दाबता येत नाही. सिलिकॉनची नेहमीची तरंगवाहिनी सुमारे ४०० बाय २०० नॅनोमीटर असते ती त्यामुळेच. याहून बारीक केली की प्रकाश आत राहण्याऐवजी बाहेरच सांडतो.

धातूचं वेगळं आहे. धातूच्या पृष्ठभागावरचे मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या क्षेत्रासोबत मागेपुढे झुलतात, आणि प्रकाश व इलेक्ट्रॉनांची ही जोडलाट पृष्ठभागाला चिकटून पुढे सरकते. हाच सरफेस प्लाझ्मॉन. त्याच्या खुणा रॉबर्ट वुड यांना १९०२मध्येच बारीक समांतर रेघांच्या जाळीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात दिसल्या होत्या. रूफस रिची यांनी १९५७मध्ये सिद्धांताची बाजू मांडली. १९६८मध्ये आंद्रेआस ओट्टो आणि एरविन क्रेचमन यांनी प्रिझम वापरून हे प्लाझ्मॉन हवे तेव्हा उठवण्याच्या पद्धती दिल्या. जैवसंवेदकांमध्ये क्रेचमन यांचीच रचना आजही वापरली जाते.

स्विचच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की दोन धातूंमधल्या फटीत प्लाझ्मॉनला खालची मर्यादाच नसते. फट १०० नॅनोमीटर करा, ३० करा, लाट तिच्यातून जातेच. उलट जितकी फट अरुंद तितकं क्षेत्र अधिक दाटतं. १.५५ मायक्रोमीटरच्या प्रकाशाला ३० बाय २० नॅनोमीटरच्या फटीत घालणं म्हणजे तरंगलांबीच्या वर्गाचा चार हजारावा भाग इतक्या क्षेत्रफळातून तो नेणं. नेहमीच्या सिलिकॉन वाहिनीच्या छेदापेक्षा हा छेद सुमारे १३३ पट लहान. ३५ फेम्टोजूलचा स्पंद २०० फेम्टोसेकंदांचा धरला तर ढोबळ हिशेबाने या फटीत दर चौरस सेंटीमीटरला ३० गिगावॅटच्या आसपास प्रखरता होते. तोच स्पंद सिलिकॉनच्या वाहिनीत पाव गिगावॅटवर येतो. पोकळीत जी वाढ हजारो फेऱ्यांनी मिळवावी लागते, ती इथे एकाच फेरीत, एकाच अरुंद जागेत मिळते. वाट पाहणं संपतं.

प्लाझ्मॉन आणि अरेषीय द्रव्य यांची जोडी जमवायचा प्रयत्न याआधी बराच झाला होता. २००२मध्ये इगोर स्मोल्यानिनोव्ह, ॲनातोली झायात्स आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पातळ थरातल्या सूक्ष्म छिद्रांवर अरेषीय पॉलिमर चढवला आणि एका रंगाच्या प्रकाशाने दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाचं छिद्रातून जाणं कमीजास्त होतं, हे दाखवलं. २००६मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून अशाच रचनेत द्विस्थिरता दिसल्याचं प्रसिद्ध झालं: त्याच येणाऱ्या प्रकाशासाठी दोन वेगळी उत्तरं, आधी काय घडलं त्यावर अवलंबून. २००९मध्ये साउदॅम्प्टनच्या निकोलाय झेलुदेव यांच्या गटाने मधलं वेगळं द्रव्यही बाजूला ठेवलं. त्यांनी फेम्टोसेकंद स्पंद थेट धातूवर मारला आणि त्या धातूवरून धावणारी प्लाझ्मॉनची लाट फेम्टोसेकंदांत कमीजास्त होते, हे मोजलं. वेग तिथेच सिद्ध झाला होता. ऊर्जा मात्र आटोक्यात यायची होती.

मुंबईच्या वाचकाला जवळचा दुवा पवईत आहे. आयआयटी मुंबईच्या भौतिकशास्त्र विभागातल्या परिंदा वासा या २०१३मध्ये ‘नेचर फोटोनिक्स’मध्ये आलेल्या एका निबंधाच्या पहिल्या लेखिका आहेत. सोन्यातल्या नॅनोफटींवर रंगद्रव्याच्या रेणूंचा थर दिला की प्लाझ्मॉन आणि रेणू एकमेकांना ऊर्जा देतात-घेतात. ही देवाणघेवाण फेम्टोसेकंदांत थेट होताना त्यात दाखवली आहे. स्विच तो नव्हे, पण धातूजवळचा प्रकाश द्रव्याशी किती जलद व्यवहार करतो याचा तो फार सुंदर पुरावा आहे.

ग्राफीनच का

कार्बनच्या अणूंचा एकच थर असूनही ग्राफीन त्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे २.३ टक्के भाग शोषतं, आणि हे दृश्य प्रकाशापासून जवळच्या अवरक्तापर्यंत जवळपास सारखंच असतं. २००८मध्ये मँचेस्टरच्या गटाने हे मोजलं. एका अणूच्या जाडीसाठी हे शोषण थक्क करणारं आहे. पण स्विचसाठी फारच अपुरं. ९७.७ टक्के प्रकाश आरपार जात असेल तर त्यात चालू-बंद काय करणार?

उत्तर असं की प्रकाश ग्राफीनवर सरळ मारायचा नाही, ग्राफीनच्या कडेकडेने न्यायचा. मग शोषण लांबीबरोबर वाढत जातं. २०१४मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या लिमिन तोंग यांच्या गटाने काचेच्या अतिसूक्ष्म तंतूला ग्राफीन गुंडाळून हेच केलं: ३८ टक्क्यांपर्यंत बदल, २.२ पिकोसेकंदांत. पण तंतूत प्रकाशाचा फार थोडा भाग ग्राफीनपर्यंत पोहोचतो.

सोन्याच्या फटीत हे गणित बदलतं, आणि इथे दिशेचा मुद्दा आहे. ग्राफीनला फक्त त्याच्या पातळीत असलेलं विद्युतक्षेत्र जाणवतं. त्याला लंब असलेलं क्षेत्र त्याच्या दृष्टीने नसल्यासारखंच. फटीतलं क्षेत्र एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जातं. फटीवर सपाट पसरलेल्या ग्राफीनच्या ते पातळीतच येतं. म्हणजे दाटलेलं क्षेत्र आणि त्याची दिशा, दोन्ही ग्राफीनच्या बाजूने. अनेक प्लाझ्मॉन रचनांमध्ये सपाट धातूवरचं क्षेत्र पृष्ठभागाला लंब उभं असतं आणि त्यावर ठेवलेलं ग्राफीन जवळपास बेरोजगार राहतं. ही निवड बारीक वाटते, पण सगळं यश तिच्यावर उभं आहे असं मी म्हणेन.

आता स्विच प्रत्यक्षात पलटतो कसा? १.५५ मायक्रोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ग्राफीनमध्ये वरचा आणि खालचा ऊर्जापट्टा एका बिंदूत भेटतात. फोटॉन शोषला की त्या बिंदूच्या ०.४ खालचा इलेक्ट्रॉन ०.४ वर जातो. एका ऊर्जास्थितीत एकाच प्रकारचे दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम. नियंत्रक स्पंद प्रखर असेल तर वरच्या जागा भरतात, खालच्या रिकाम्या होतात, आणि पुढून येणाऱ्या फोटॉनला उचलायला इलेक्ट्रॉन नाही, ठेवायला जागा नाही. ग्राफीन क्षणभर पारदर्शक होतं आणि संदेश निघून जातो. हाउसफुल्ल बोर्ड लागल्यावर तिकीटखिडकीवरून माणसं परत जावीत तसं.

वेगाचं रहस्यही यातच आहे. सिलिकॉनमध्ये मुक्त इलेक्ट्रॉनांना निघून जाण्याची वाट पाहावी लागत होती. ग्राफीनमध्ये तशी गरज नाही. पारदर्शकता टिकून असते ती फक्त त्या विशिष्ट ऊर्जेच्या जागा भरलेल्या आहेत म्हणून. इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटून दहा-वीस-पन्नास फेम्टोसेकंदांत इतर ऊर्जांवर पसरतात, मग अणूंच्या जाळीच्या कंपनांना ऊर्जा देत थंड होतात. ते अजून मूळ जागी परतलेले नसतात, पण ०.४ची जागा मोकळी झालेली असते, आणि तेवढ्यावर शोषण परत येतं. स्विच बंद होतो.

चिपवर बसवताना

४०० बाय २०० नॅनोमीटरच्या सिलिकॉन वाहिनीतून ३० बाय २०च्या फटीत प्रकाश शिरवणं हे स्वतंत्र संशोधनाचं काम होतं. सरळ जोडलं तर बहुतेक प्रकाश तोंडावरच विखुरतो. ओनो आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्येच यासाठीचा परिवर्तक प्रसिद्ध केला होता: सिलिकॉनची वाहिनी थोड्याच लांबीत निमुळती होत ५० बाय २० नॅनोमीटरच्या प्लाझ्मॉन फटीला मिळते, आणि जोडावर हरवणारा प्रकाश सुमारे १.७ डेसिबल, म्हणजे साधारण एक तृतीयांश. इतक्या अचानक आकुंचनाला हे फारच चांगलं आहे. या परिवर्तकाशिवाय ग्राफीनचा स्विच म्हणजे भिंगाखाली बघायची वस्तू राहिला असता. त्याच्यामुळे तो सिलिकॉन चिपमधल्या नेहमीच्या वाहिन्यांना जोडता येतो. बातम्यांमध्ये या भागाबद्दल मला जवळपास काहीच वाचायला मिळालं नाही, आणि ते खटकतं.

मोजमापाबद्दलही थोडं सांगायला हवं. २६० फेम्टोसेकंद मोजणारा विद्युत शोधक अस्तित्वात नाही. उत्तमातला उत्तम शोधकही पिकोसेकंदांच्या पातळीवर अडखळतो. अशा वेळी घड्याळ म्हणून लांबी वापरतात. एकाच लेसरचा स्पंद दोन भागांत फोडायचा: एक नियंत्रक, एक तपासनीस. एकाची वाट सरकत्या आरशावरून न्यायची. आरसा एक मायक्रोमीटर मागे सरकवला की वाट जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटरने वाढते आणि तो स्पंद सुमारे ६.७ फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. २६० फेम्टोसेकंदांचा सगळा पट आरशाच्या ३९ मायक्रोमीटर सरकण्यात मावतो. आरशाच्या प्रत्येक जागेला किती प्रकाश बाहेर आला याची सरासरी साध्या, मंद शोधकाने घ्यायची. आलेख काढला की स्विच केव्हा उघडला आणि केव्हा मिटला ते दिसतं.

किंमत कुठे गेली

आता या प्रकरणाचा हिशेब. एक गुणाकार करून पाहा. पोकळीचा २०१०चा स्विच: ०.४२ फेम्टोजूल गुणिले २० ते ३५ पिकोसेकंद, म्हणजे ८ ते १५. सोन्याच्या फटीतला स्विच: ३५ फेम्टोजूल गुणिले ०.२६ पिकोसेकंद, म्हणजे ९. जवळजवळ तेच! दोन वेगळ्या रचना, दोन वेगळी द्रव्यं, मधे नऊ वर्षं, आणि गुणाकार एकाच घरात. याला निसर्गनियम म्हणायची माझी तयारी नाही. दोन उदाहरणांवर तसं म्हणता येत नाही, आणि कॉर्नेलच्या कडीचा गुणाकार याच्या शेकडो पट नव्हे, लाखापेक्षाही जास्त पट निघतो. पण एक गोष्ट यातून स्पष्ट होते. २०१९च्या स्विचने ऊर्जा आणि वेळ दोन्ही एकदम कमी केलेली नाहीत. त्याने ऊर्जा वाढवून वेळ शंभर पट कमी केला, आणि तेही अशा भागात जिथे आधी कुणी इतक्या कमी ऊर्जेत पोहोचलेलं नव्हतं. ‘सर्वांत कमी ऊर्जेचा स्विच’ असं सरसकट लिहिणं चूक आहे. ‘इतक्या जलद स्विचांमध्ये सर्वांत कमी ऊर्जेचा’ हेच बरोबर.

वाट पाहण्याची किंमत टळली, ती प्लाझ्मॉनच्या मार्गात दुसऱ्या रूपात द्यावी लागते. सोनं प्रकाश खातं. इलेक्ट्रॉनांना झुलवायचं तर ते आदळणार, तापणार, आणि फट जितकी अरुंद तितकं क्षेत्र धातूत अधिक शिरणार. अशा फटीत प्रकाशाचा ऱ्हास दर मायक्रोमीटरला मोजावा लागतो. त्यामुळे स्विच काही मायक्रोमीटरपेक्षा लांब करता येत नाही. मग चालू आणि बंद यांतला फरक मर्यादित राहतो, कारण बंद करणारं ग्राफीनही तेवढ्याच लांबीत काम करू शकतं. लांबी वाढवली की फरक वाढतो पण संदेश मरतो. शिवाय नियंत्रक स्पंदही वाटेत क्षीण होत जातो आणि फटीच्या शेवटच्या भागातलं ग्राफीन पुरतं भरतच नाही. आणि लक्षात घ्यायला हवं की स्विच चालू असतानाही सोन्याचं खाणं थांबत नाही. ग्राफीन गप्प बसवता येतं, सोनं नाही.

उष्णतेचा हिशेब त्याहून सोपा आहे. या वेगाचा फायदा घ्यायचा, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी वेळा पलटवायचं, तर एका स्विचला ३५ मिलिवॅट लागतील. ऐकायला किरकोळ. एका चिपवर असे एक हजार स्विच ठेवले की ३५ वॅट. दहा लाख ठेवले तर ३५ किलोवॅट. आजच्या प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर अब्जांनी असतात, आणि प्रत्येक जण एकदा पलटायला एका फेम्टोजूलच्या कितीतरी खाली काम करतो. म्हणून ‘प्रकाशाचा ट्रान्झिस्टर आला, आता संगणक हजारपट जलद होणार’ हे वाक्य या प्रकरणावरून काढणं मला मान्य नाही. ज्यांनी हे काम केलं त्यांनीही आपला रोख चिपवरच्या जलद प्रकाशीय प्रक्रियेकडे ठेवला आहे, आणि तो योग्य आहे.

स्टॅनफर्डचे डेव्हिड मिलर यांनी २०१०मध्ये या विषयाला एक कठोर कसोटी लावली होती. तर्कमंडलासाठी स्विच नुसता जलद असून भागत नाही. एका स्विचच्या बाहेर येणाऱ्या प्रकाशाने पुढचा स्विच चालला पाहिजे. एकाने किमान दोघांना चालवता आलं पाहिजे. वाटेत मळलेला संकेत प्रत्येक टप्प्यावर पुन्हा स्वच्छ झाला पाहिजे. बाहेरचा प्रकाश उलटा आत येऊन गोंधळ करता कामा नये. एखाद्या नाजूक जुळणीवर सगळं अवलंबून असता कामा नये. आणि वाटेतल्या ऱ्हासाने एक-शून्याचा अर्थ बदलता कामा नये. सोन्याच्या फटीला ही कसोटी लावा. पहिल्याच अटीवर ती थांबते. पुढच्या स्विचला ३५ फेम्टोजूल हवेत, आणि या स्विचमधून बाहेर पडताना सोन्याने व ग्राफीनने आपला वाटा घेतलेला असतो. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारं नेहमीच कमी. मधे प्रवर्धक, म्हणजे प्रकाश वाढवणारं उपकरण, लागेल, आणि २६० फेम्टोसेकंदांना साजेसा, इतका छोटा, इतका थंड प्रवर्धक चिपवर बसवणं हे स्विचपेक्षाही अवघड काम आहे.

याचा अर्थ स्विच निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. जिथे साखळी लागत नाही तिथे तो फार कामाचा ठरू शकतो. एकाच वाहिनीत वेळ वाटून दाटीने भरलेल्या स्पंदांच्या रांगेतून नेमका हवा तो स्पंद उचलायचा, तर दार तितकंच जलद उघडून मिटणारं हवं, आणि विद्युत परिपथ तिथे पोहोचत नाहीत. तसंच, थोड्या प्रकाशाला शोषायचं आणि जास्त प्रकाशाला सोडायचं हा ग्राफीनचा स्वभाव प्रकाशीय न्यूरल जाळ्यांना लागणाऱ्या अरेषीय टप्प्यासाठी हवाच असतो. तिथे स्विचपेक्षा उंबरठा म्हणून त्याचा उपयोग. दोन्ही ठिकाणी दार एकदाच ओलांडायचं असतं, त्यामुळे ऱ्हास परवडतो.

माझ्या मते पुढच्या कामाची दिशा ठरवणारे आकडे ३५ आणि २६० हे नाहीत. तो आकडा आहे स्विच चालू असताना आत गेलेल्या संदेशातला किती भाग दुसऱ्या टोकाला पोहोचतो, याचा. सोन्याऐवजी चांदी घेतली तर या तरंगलांबीला ऱ्हास कमी होतो, पण चांदी हवेत काळवंडते आणि इतक्या बारीक कडांवर ते लगेच जाणवतं. फट थोडी रुंद केली तर सोनं कमी खातं, पण प्रखरता उतरते आणि ऊर्जा पुन्हा वर जाते. ग्राफीनचे दोन पदर घातले तर कमी लांबीत तेवढाच फरक मिळवता येईल आणि सोन्यातला प्रवास आखूड होईल, मात्र दोन पदरांना भरायला नियंत्रक स्पंदही मोठा लागेल. या तिन्हींपैकी कुठला सौदा कितपत परवडतो, ते प्रत्येकाचा पारगमनाचा आकडा ३५ फेम्टोजूलच्या शेजारी मांडूनच तपासावं लागेल.